प्रेरणा नको, बँकर लावा

हल्ली कोणी नुसतं काही करत नाही. जे करायचं ते 'प्रेरणा' घेऊन करायचं असतं. आमच्या लहानपणी प्रेरणा फक्त पुण्यतिथीच्या भाषणात भेटायची. 'या थोर पुरुषाच्या चरित्रापासून आपण प्रेरणा घेतली पाहिजे' असं मुख्याध्यापक म्हणायचे, आम्ही टाळ्या वाजवायचो आणि प्रेरणा तिथेच सतरंजीवर सोडून खाऊच्या रांगेत उभे राहायचो. वर्षातून फार तर चार वेळा तिचा खप. आता ती रोज लागते, पहाटे साडेचारला लागते, आणि वेळेवर मिळाली नाही म्हणून चांगली धडधाकट माणसं कूस बदलून पुन्हा झोपतात.

सगळ्यात जास्त खप आहे तो हौशी धावपटूंत. हे म्हणजे ज्यांच्या मागे कोणी लागलेलं नाही आणि ज्यांची गाडी सुटत नाही, तरी जे धावतात ते लोक. माझं त्यांच्याशी वैर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माणसानं धावावं, घाम गाळावा, आणि आमच्या कॅशियरबाईंसारखं त्यातून रक्तातली साखर खाली आणावी. ती उतरलेली मी रिपोर्टात पाहिली आहे. माझं भांडण आहे ते प्रेरणेशी. ती नसली की धावता येत नाही आणि ती विकत मिळते, या दोन समजुतींशी.

मी बँकेत लिपिक आहे. आता आमच्या पदाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात, त्यामुळे कस्टमर आमच्याशी अधिक प्रेमाने वागतो असं काही दिसलं नाही. राहायला कसाऱ्याला, नोकरी ठाण्याला. म्हणजे जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर, रोज. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. त्याच गाडीत आमच्या आधी येऊन खिडकी धरणारे दादरचे आणि सीएसएमटीचे लोक आहेत, ते मला लहान मूल समजतात.

आमच्या शाखेत तीन धावणारे आहेत. त्यांचे पुढारी म्हणजे आमचे असिस्टंट मॅनेजर. माणूस लाखात एक. रजा मागितली तर कारण विचारत नाहीत. पण पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी ते मोबाईलवर एक चित्र पाठवतात. चित्रात डोंगर, डोंगरामागे सूर्य आणि रस्त्यावर एकटाच धावणारा माणूस. हा माणूस नेहमी पाठमोरा असतो. समोरून दाखवला तर त्याचा चेहरा दिसेल आणि ग्रुपमधले सभासद कमी होतील. चित्राखाली एक वाक्य असतं, की वेदना तात्पुरती असते वगैरे. आमच्या सौ.नं एकदा ते वाचलं. ती म्हणाली, "मला पाचला उठवायला असलं कोणी येत नाही. मला नळ उठवतो."

मध्यंतरी साहेबांनी आम्हाला एका व्याख्यानाला नेलं. विषय 'सातत्य आणि प्रेरणा'. वक्त्यांनी आम्हाला दोन तास वातानुकूलित हॉलमध्ये खुर्चीवर बसवून धावण्याची प्रेरणा दिली. तेवढ्या वेळात माणूस अठरा किलोमीटर धावून आला असता. शेवटी सगळ्यांना उभं करून "मी करू शकतो!" असं तीनदा म्हणायला लावलं. माझ्या शेजारचे गृहस्थ तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर लिफ्टची वाट बघत उभे राहिले. पहिल्या मजल्यावरून खाली जायला.

आता थोडं आमच्या गावाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण माझं सगळं तत्त्वज्ञान तिथल्या प्लॅटफॉर्मवर तयार झालेलं आहे.

कसारा हे मुंबईच्या लोकलचं शेवटचं टोक. सीएसएमटीपासून रुळाने सुमारे १२१ किलोमीटर. पुढे थळघाट, आणि घाट चढून गेलं की इगतपुरी. ही घाटातली रेल्वे १८६५ साली सुरू झाली. चढ एकास सदतीस, म्हणजे ३७ फूट पुढे जायला एक फूट वर. ऐकायला किरकोळ वाटतो, पण हा चढ भल्या भल्या मेल-एक्स्प्रेसला एकटीच्या बळावर झेपत नाही. म्हणून त्या कसाऱ्याला थांबतात आणि त्यांना मागून आणखी इंजिनं लावतात. ती गाडीला इगतपुरीपर्यंत ढकलत नेतात आणि तिथे सुटी होतात. या मागून ढकलणाऱ्या इंजिनाला रेल्वेत काय म्हणतात ठाऊक आहे? 'बँकर'.

माझी नोकरी लागली तेव्हा वडिलांनी शेजाऱ्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मुलगा बँकर झाला." शेजारी रेल्वेत होते. ते म्हणाले, "परमनंट का? कुठल्या शेडला?"

सांगायचा मुद्दा असा, की इतकी वर्षं मी या प्लॅटफॉर्मवर उभा आहे, पण कसाऱ्याला आलेल्या गाडीसमोर कोणी सूर्योदयाचं चित्र धरलेलं पाहिलं नाही. कोणी इंजिनाच्या कानात "तू करू शकतेस" असं सांगत नाही. गाडी येते, बँकर लागतो, शिट्टी होते, गाडी वर जाते. आणि ढकलून घेण्यात त्या गाडीला कमीपणाही वाटत नाही. २०२३ साली शिर्डीची वंदे भारत सुरू झाली, ती मात्र बँकर न लावता घाट चढते. पण तिच्या जवळजवळ निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. आपल्यापैकी किती जणांच्या अंगात अशी सोय आहे? आपण साधी पॅसेंजर माणसं. आपल्याला मागून ढकलणारं कोणीतरी लागतं.

यावर साहेबांचं म्हणणं असं, की मॅरेथॉन हे प्रकरण मी समजतो त्यापेक्षा अवघड आहे. आता बी.कॉम. झालेल्या माणसाला आकड्यांत अवघड काय सांगता? मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. वरचे १९५ मीटर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासून चिकटले आणि १९२१ मध्ये कायम झाले. आमच्याकडे ताळा करताना असे वरचे १९५ निघाले तर शाखा रात्री नऊपर्यंत उघडी राहते. रेल्वेच्या अंतराने बघाल तर कसाऱ्याहून निघालेला माणूस उंबरमाळी, खर्डी, तानशेत, आटगाव, आसनगाव करत वासिंदच्या आसपास पोचला की एक मॅरेथॉन झाली. लोकलमध्ये तेवढ्यात माझी एक झोप होते.

आणि धावताना शरीरात काय होतं तेही सगळं आमच्याच खात्यातलं आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर हे बचत खातं. चटकन निघते, पण शिल्लक बेताची. चरबी ही मुदत ठेव. ती माझ्याकडे वडिलोपार्जित असल्यासारखी आहे, पण मोडायला वेळ लागतो. साधारण तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला बचत खात्यात खडखडाट होतो, मुदत ठेवीचा अर्ज वरच्या टेबलावर अडकलेला असतो आणि माणसाचे पाय जागच्या जागी शिशाचे होतात. धावणारे याला 'भिंत' म्हणतात. या भिंतीवर प्रेरणेची कितीही पोस्टरं चिकटवा, ती पडत नाही. ती लांब सरकते ती चार-पाच महिने दर आठवड्याला एक लांबची धाव थोडी थोडी वाढवत नेली तर, आणि वाटेत वेळच्या वेळी काही गोड पोटात गेलं तर. बाकीचं बहुतेक धावणं शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या संथ चालीनं करायचं. शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे तर उलट कमी धावायचं. यात प्रेरणा कुठे आली? ही सरळसरळ आवर्ती ठेव आहे. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला ठरलेला हप्ता. रिकरिंगचा हप्ता भरताना कोणा खातेदाराच्या डोळ्यांत मी तेज पाहिलेलं नाही. कंटाळलेल्या चेहऱ्यानं येतात, भरतात, जातात. पाच वर्षांनी पैसे मिळतात ते मात्र सव्याज.

उलट जे तेज घेऊन येतात त्यांचं काय होतं? मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते आहे, जानेवारीत. ती झाली की सोमवारी आमच्या शाखेत प्रेरणेची लाट येते. नवे बूट, नवं घड्याळ, नवा आहार. खाकऱ्याचा डबा. महाशिवरात्रीपर्यंत ती टिकते, होळीला ओसरते. आमच्याकडे सलग नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्जखातं एनपीए होतं. एप्रिलअखेर या सगळ्या प्रेरणा एनपीए झालेल्या असतात. बूट तेवढे नवे राहतात. एरवी बुटाचं आयुष्य पाचशे ते आठशे किलोमीटर सांगतात आणि त्यावर घसारा मांडावा लागतो. घसारा हा शब्द आम्हा कसाऱ्याच्या वाणिज्य पदवीधरांना कॉलेजात फार महाग पडला होता, पण प्रेरणेइतका जलद घसारा मी कोणत्याही यंत्रावर पाहिलेला नाही.

असो. हे सगळं शहरापुरतंच राहिलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. लोकांनी आपल्या पैशानं व्याख्यानं ऐकावीत, माझं काय जातं? पण रविवारी ही मंडळी आमच्याकडे घाटात यायला लागली.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाला. त्यात जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. मोटारवाल्यांना कसारा घाट चढावा लागू नये म्हणून केलेला. म्हणजे ज्यांच्याकडे इंजिन आहे त्यांनी घाट टाळायचा आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी मुद्दाम गाडी करून चढायला यायचं, अशी नवी वाटणी झाली आहे. येतात, चांगली गोष्ट आहे. आमच्या टपरीवाल्याचा चहा खपतो, वडे खपतात. चढावर धावल्यानं पायात ताकद येते हेही खरं आहे. माझी हरकत आहे ती त्यांच्या एका प्रश्नाला.

आमच्या आळीच्या मागे एक पाडा आहे. तिथली एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. तिला धावायला जवळपास मैदान नाही. हायवेच्या कडेला दर दोनशे मीटरवर दगड असतात. असे चार दगड म्हणजे ८०० मीटर, हा तिचा ट्रॅक. वाहतूक कमी असते म्हणून पहाटे अंधारात धावते. मागून तिचा भाऊ मोटारसायकलवर पहिल्या गिअरमध्ये येतो. दिवा तिच्या पुढच्या रस्त्यावर, म्हणजे खड्डा दिसावा, आणि मागचा लाल दिवा ट्रकवाल्यांसाठी, म्हणजे ती दिसावी. पेट्रोल किती जळतं ते तो वहीत लिहून ठेवतो. बहीण भरती झाली की वसूल करणार आहे म्हणतो.

तर एका रविवारी साहेबांच्या कंपूतल्या एका उत्साही गृहस्थांनी तिला थांबवलं. फोन समोर धरला आणि विचारलं, "तुझं मोटिव्हेशन काय आहे?"

"काय?"

"म्हणजे... ही धावायची ऊर्मी कुठून येते?"

ती दम खात म्हणाली, "खालून. कसाऱ्यातून."

"तसं नाही. मनातून काय वाटतं?"

मग तिला वाटलं, फोन धरलाय म्हणजे सरकारी माणूस असणार. तिनं विचारलं, "साहेब, पुढची भरती कधी निघनार हाय, काय कळलं का?"

गृहस्थांनी ती चित्रफीत 'निरागस' असं लिहून ग्रुपवर टाकली. चौतीस अंगठे आले. तिच्या मागे मोटारसायकलचा दिवा दिसत होता, त्याविषयी एकानं लिहिलं, की उजेड डोळ्यावर येतोय, चित्रीकरण बरोबर झालं नाही.

इथे माझं डोकं फिरलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांना म्हटलं, "प्रेरणा कोणाला लागते सांगू? ज्याला थांबायची मुभा आहे त्याला. तुम्ही अठराव्या किलोमीटरला थांबलात तर काय होईल? रिक्षा कराल, घरी जाल, पोहे खाल. म्हणून तुम्हाला मनाची समजूत घालावी लागते. तिच्याकडे ती सोय नाही. तेव्हा तुमचा प्रश्न तिला कळला नाही यात तिचा निरागसपणा नाही. तो प्रश्नच तिच्या भाषेतला नाही."

साहेब शांतपणे डबा उघडत म्हणाले, "म्हणजे ज्याला गरज आहे त्यानंच धावायचं? हौस म्हणून धावणाऱ्याला तुम्ही गुन्हेगार ठरवताय."

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी त्यांची भाजी घेतली. हौस वाईट असं मी म्हणत नाही. हौस आहे तर तिला हौस म्हणा. तिला 'संघर्ष' म्हणू नका, 'वेदनेवर विजय' म्हणू नका. रविवारी सकाळी टोपी घालून चारशे रुपयांचं सरबत पीत चढलेल्या घाटाला संघर्ष म्हटलं, तर २०१८ च्या मार्चमध्ये जे आमच्या घाटातून उतरले त्यांच्यासाठी कोणता शब्द उरतो? ६ मार्चला नाशिकहून हजारो शेतकरी निघाले, सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला आझाद मैदानावर पोचले. मॅरेथॉन सुटते त्याच भागात. त्यात नातवंडं असलेल्या बाया होत्या. पायांची सालपटं निघालेली छायाचित्रं तुम्हीही पाहिली असतील. शेवटची मजल त्यांनी रात्रीच मारली, कारण सकाळी दहावीच्या पोरांना परीक्षेला जायचं होतं आणि रस्ता अडायला नको होता. त्यांना ना छातीवर नंबर, ना गळ्यात पदक. २०२३ च्या मार्चमध्ये मोर्चा पुन्हा निघाला आणि मागण्यांची बोलणी होऊन वासिंदला थांबला. २०२० च्या टाळेबंदीत याच रस्त्यानं, याच घाटातून माणसं पोरं खांद्यावर घेऊन आपापल्या गावाला चालत गेली. त्यांना कोणी अंगठा दाखवला नाही. पोलिसांनी काठी दाखवली.

बारामतीच्या लता भगवान करे यांचं नाव साहेबांनीच मला सुनावलं. साठी उलटलेली बाई, नवऱ्याच्या दुखण्याला पैसे नाहीत, म्हणून नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत धावली आणि जिंकली. पुढे २०२० मध्ये तिच्यावर चित्रपट आला, त्यात तिनं स्वतःच काम केलं. साहेब म्हणाले, "बघा, केवढी प्रेरणादायी गोष्ट!" मी म्हटलं, "कोणाला? तिला की तुम्हाला? तिच्या बाजूनं बघाल तर ही दवाखान्याच्या बिलाची गोष्ट आहे." त्या शर्यतीची गोष्ट ऐकून बूट विकत घेणारे पुष्कळ भेटतील. शेजारच्या आजाऱ्याचं बिल भरणारा मला तरी एकही भेटलेला नाही.

सावरपाड्याच्या कविता राऊतचंही तसंच. नाशिक जिल्ह्यातली, हरसूलच्या बाजूची, आमच्यासारख्याच डोंगरातली पोर. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्यपदक, २०१६ ला रिओची मॅरेथॉन. 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. पण एक्स्प्रेस म्हणताना लोक मागचं इंजिन विसरतात. तिच्यामागे नाशिकचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग होते. तिथे कोणीतरी रोज पहाटे मैदानावर घड्याळ घेऊन उभा राहात होता, म्हणून ती पदकापर्यंत पोचली. गुण तिचे, पाय तिचे, हे खरंच. पण आमच्या बाजूला असे पाय पुष्कळ आहेत. कमी आहेत ते घड्याळ घेऊन उभे राहणारे.

हौशी धावणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. चित्रं बंद करा आणि बँकर शोधा. आमच्या पहाटेच्या लोकलमध्ये एक भजनी मंडळ आहे. त्यातले टाळवाले काका निवृत्त झाले तरी दोन वर्षं गाडीला येत होते. मी विचारलं, "आता कशाला?" तर म्हणाले, "आसनगावला पखवाज चढतो. मी दिसलो नाही तर तो काय समजेल?" यापेक्षा शास्त्रशुद्ध उपाय मला कोणत्याही व्याख्यानात ऐकायला मिळालेला नाही. कोपऱ्यावर एक माणूस तुमची वाट बघत, डास मारत उभा आहे, ही जाणीव पांघरूण काढते. मनाला रोज विचारूच नये की आज जायचं का. बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देतात, तसं एकदा लिहून द्यायचं आणि विसरायचं. मन हे अत्यंत बेभरवशाचं जामीनदार आहे. त्याच्या सहीवर मी पाचशे रुपयेसुद्धा मंजूर करणार नाही.

आता त्या मुलीकडे परत येतो, कारण विनोद करता करता ती हायवेवरच राहिली.

भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. पन्नास गुणांच्या मैदानी चाचणीत धावण्याला वीस. एकेका सेकंदाला गुण आहेत. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत भरतीचं धावणं पाच किलोमीटरचं होतं, त्यात उन्हातान्हात उमेदवार कोसळले आणि काही जीवानिशी गेले. त्यानंतर अंतर कमी झालं. म्हणजे ही शर्यत गमतीची नाही. आणि तिची तयारी आमच्याकडची पोरं ट्रकच्या शेजारून करतात. फौजा सिंग यांचं नाव धावणाऱ्यांत देवासारखं घेतात. मुलाच्या मृत्यूच्या दुःखातून धावायला लागले, २००० साली वयाच्या ८९व्या वर्षी लंडनला पहिली मॅरेथॉन पुरी केली. त्यांना ना भिंत आडवी आली, ना म्हातारपण. २०२५ च्या जुलैमध्ये पंजाबात आपल्या गावाजवळच्या हायवेवर एका मोटारीनं त्यांना उडवलं. तेव्हा हायवेच्या कडेला धावणाऱ्या पोरीला 'हार मानू नकोस' असं सांगणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे, की ती हार मानत नाही हो, पण तुमची गाडी हळू चालवणार का?

तिला चारशे मीटरचं मातीचं वर्तुळ आणि चार दिवे हवेत. मुरूम किती लागेल, खांबांना किती लागतील, मी कच्चा हिशेब केला आहे. एका मोठ्या शर्यतीच्या टी-शर्टांच्या खर्चात आमच्या दोन-तीन गावांची सोय आरामात बसेल. आमचे साहेब यावर गप्प झाले. माणूस खरोखर चांगला आहे. त्यांनी परवा ग्रुपवर सूर्योदयाच्या ऐवजी माझा अंदाजपत्रकाचा कागद टाकला. सात अंगठे आले. एकानं विचारलं, हे कोणत्या शर्यतीचं शुल्क आहे.

शेवटी पाण्याचं बोलायचं राहिलं. १८९६ साली अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली, सुमारे चाळीस किलोमीटरची. ती जिंकली स्पिरिडॉन लुईस नावाच्या माणसानं. त्याचा धंदा काय होता? पाणी वाहायचा. अथेन्समध्ये पाण्याचे हाल होते, म्हणून जवळच्या मारूसी गावचं पाणी हा शहरात पोचवायचा. म्हणजे जगातला पहिला ऑलिंपिक मॅरेथॉनवीर हा शहराचा पाणक्या होता. हे वाचल्यापासून मला आमच्या तालुक्याबद्दल फार आशा वाटते. तानसा धरण १८९२ पासून आणि भातसा नंतर, असं आमचं शहापूर पिढ्यान् पिढ्या मुंबईला पाणी पाजतं आहे. मुंबईच्या शर्यतीत धावणारा टेबलावरचं पाणी उचलतो, दोन घोट घेतो, उरलेलं डोक्यावर ओततो आणि पुढे जातो, त्यात आमचं पाणी किती असेल कोण जाणे. आमच्या बाजूच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. येतो त्या दिवशी.

तेव्हा माझी सूचना अशी, की या मे महिन्यात आमच्याकडे एक शर्यत घ्यावी. अंतर विहिरीपासून पाड्यापर्यंत, चढाचं. प्रत्येक स्पर्धकाच्या डोक्यावर दोन हंडे, काखेत एक कळशी. प्रवेश विनाशुल्क. वेळ मोजायला बुटात चिप घालायची गरज नाही. उशिरा पोचणारीच्या हंड्यात गाळ येतो, त्यावरून नंबर लागतात. फेऱ्या घरातल्या माणसांप्रमाणे. आमच्या साहेबांनी आणि कॅशियरबाईंनी नावं दिली आहेत. साहेब फक्त एवढंच विचारत होते, की वाटेत पाण्याची टेबलं किती अंतरावर ठेवणार.